अंबारखाना दिसतो, बांध दिसत नाही



पन्हाळगडावर गेलेला माणूस अंबारखाना बघितल्याशिवाय खाली उतरत नाही. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावे. जाड दगडी भिंती, वरून धान्य ओतायला छतात ठेवलेली भोके, आत गारवा. गाईड खंडीचा हिशेब सांगतो आणि शहरातून आलेली मंडळी तोंडात बोट घालतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. त्यात पन्हाळाही आहे. चांगली गोष्ट झाली. आम्हालाही तिचा अभिमान आहे.

पण आम्ही पडलो शेतकऱ्याची पोरे. कोठार पाहिले की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हे भरले कोणी? आणि कुठल्या वावरातून भरले? त्याचे उत्तर गडावर नाही. ते खाली आहे. पन्हाळ्यापासून पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, दक्षिणेला राधानगरी, भुदरगड, आजरा असे जात राहा. डोंगराच्या अंगावर पायऱ्या दिसतात. दगडावर दगड रचून माती अडवलेली, वर हात-दोन हात रुंदीपासून बैलजोडी फिरेल इतक्या रुंदीपर्यंतची पट्टी. कुठे नाचणी, कुठे वरी, कुठे नुसतेच गवत माजलेले पडीक. आमच्याकडे याला ताल म्हणतात. कुठे बांध म्हणतात, वऱ्हाडात धुरा म्हणतात. नाव काहीही असो, काम एकच. पाऊस पळवून नेतो ती माती धरून ठेवायची.

ही ताल कोणी घातली असे गावात विचारा. म्हातारी माणसे सांगतात, 'आमच्या आज्याच्या आधीपासून आहे.' फारच खोदून विचारले तर पांडवांवर ढकलतात. किल्ल्याला राजाचे नाव आहे, देवळाला बांधणाऱ्याचे नाव आहे, बारवेलाही कधी कधी शिलालेख असतो. तालीवर कोणाचेच नाव नाही. म्हणून ती इतिहासात नाही. शाळेच्या पुस्तकात लढाया आहेत, तह आहेत, बांध नाही. शेती म्हणजे जणू आपोआप होणारी गोष्ट, ऊन-पावसासारखी.

मातीखाली सापडलेले शेत

आमच्या डोंगरातली प्रत्येक ताल हजारो वर्षांची आहे असे आम्ही म्हणत नाही. दगडाकडे नुसते बघून त्याला किती वर्षे झाली हे कळत नाही. पण शेतकऱ्याने घातलेला बांध तीन हजार वर्षांनी पुन्हा उजेडात येऊ शकतो, हे याच महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे. ते ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले इनामगाव.

घोड नदीच्या काठी हे गाव. जुन्या गावठाणाची राखाडी माती असते तिला आपण पांढर म्हणतो आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणतो. अशाच एका पांढरीच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर हे त्यातले प्रमुख. इ.स.पू. १६०० च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांची वस्ती झाली आणि इ.स.पू. ७०० पर्यंत ती टिकली. शंभराहून अधिक घरे सापडली. जळालेल्या दाण्यांवरून पिके कळली. जव मुख्य, शिवाय गहू, मसूर, वाटाणा, हुलगा.

पण आमच्या दृष्टीने मोठा शोध घरांचा नाही. वस्तीच्या कडेला दगडगोटे आणि माती यांचा एक बांध मिळाला. लांबी सुमारे २४० मीटर, रुंदी दोन मीटरहून थोडी जास्त. त्याच्याजवळ खोदलेला पाट, सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. नदीला पूर आला की पाणी वस्तीत शिरू नये आणि ते पाटाने वळवून शेताला मिळावे, अशी ही योजना असावी असे संशोधकांनी मांडले. इ.स.पू. १४०० ते १००० या काळातली ही गोष्ट. त्या वेळी ना लोखंडाची कुदळ, ना टिकाव. त्या लोकांकडे तांबे होते, पण तेही थोडे. दगडाची पाती, लाकूड, हाड आणि माणसाचा खांदा, एवढ्यावर हे काम झाले.

त्याच वस्तीत मधोमध एक पाच खोल्यांचे मोठे घर मिळाले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. साठवणीची पेवे, कणगी ठेवायचे मातीचे गोल ओटे. ढवळीकरांनी त्यावरून असा तर्क केला की हे गावप्रमुखाचे घर असावे आणि लोकांकडून घेतलेला धान्याचा वाटा तिथे जमा होत असावा. म्हणजे बघा, तीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कोठार प्रमुखाच्या दाराशी आणि बांध शिवारात. अंबारखान्याची गोष्ट पन्हाळ्यापेक्षा फार जुनी आहे.

पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. इ.स.पू. १००० नंतर पाऊसमान घटले असे ढवळीकरांचे म्हणणे. पीक उतरले, लोक शिकारीवर आणि जनावरांवर जास्त जगू लागले. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेवटी वस्ती उठली. तिथे कोणा राजाचा पराभव झाल्याचे दिसत नाही. शेती परवडेना झाली, एवढेच दिसते. कोरडवाहू शेतकऱ्याला यातले काही समजावून सांगायची गरज नाही.

नांगराच्या तासांचा अर्थ कोणी लावला?

आता थोडे लांब, राजस्थानात जाऊ. घग्गर नदीच्या काठी कालीबंगा येथे १९६० ते १९६९ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे ब्रजबासी लाल आणि बी. के. थापर यांनी उत्खनन केले. गावाच्या तटाबाहेर मातीखाली एक नांगरलेले शेत सापडले. काळ इ.स.पू. २८०० च्या आसपास. नांगराची तासे जशीच्या तशी. त्यातली काही पूर्व-पश्चिम, एकमेकांपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर. काही त्यांना छेदून उत्तर-दक्षिण, सुमारे १९० सेंटिमीटरवर.

हा काय प्रकार? पुस्तकात उत्तर नव्हते. उत्तर शेजारच्या शिवारात होते. त्या भागातले शेतकरी आजच्या काळातही अशीच आडवी-उभी तासे घालत होते. जवळच्या तासांत कडधान्य, लांबच्या तासांत मोहरी. उंच मोहरीची सावली बुटक्या पिकावर पडून नुकसान होऊ नये अशी ती रचना. आपण ज्वारीत किंवा कापसात तुरीचे पाटे टाकतो तोच विचार. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचे मिश्र पीक ओळखता आले, कारण ते करणारा माणूस अजून शेतात उभा होता.

आमचे म्हणणे नेमके इथे आहे. जुने शेत वाचायचे असेल तर अक्षर येऊन भागत नाही, शेती यावी लागते. ती येणारा माणूस शेतीतून उठला, की जुन्या शेताची भाषाही गेली.

कोणी म्हणेल, नदीकाठचे ठीक आहे, डोंगरावर काय राहणार? तर आयर्लंडचे उदाहरण घ्या. त्या देशाच्या वायव्येला मेयो परगण्यात सेडी फील्ड्स नावाचा समुद्राकाठचा उतार आहे. तिथे जमिनीवर कुजलेल्या वनस्पतींचा जाड काळा थर असतो. लोक तो विटेसारखा कापून वाळवतात आणि जळण म्हणून वापरतात. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड या गावच्या शिक्षकाला हे जळण कापताना खाली दगडांच्या ओळी लागल्या. या ओळी माणसाने रचलेल्या आहेत आणि वरचा थर साचण्याच्या आधीच्या आहेत, हे त्यांनी ओळखले. पुढे त्यांचा मुलगा पुरातत्त्वाचा अभ्यासक झाला. त्याने लोखंडी सळया खुपसून खाली दगड कुठे लागतो ते तपासत बांधांचा नकाशाच काढला. मैलोगणिक समांतर बांध आणि त्यांना जोडणारे आडवे बांध. त्यांच्या मते हे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे, काही अभ्यासक ते नंतरचे मानतात. वाद वर्षांचा आहे, बांध शेतकऱ्यांचे आहेत याबद्दल वाद नाही. आणि शोध लागला तो जळण कापणाऱ्या हाताला.

आपल्या शेजारी, कर्नाटकात बळ्ळारीजवळच्या काळ्या रानातही टेकड्यांवर अशी माणसे राहत होती. संगनकल्लू आणि कुपगल ही ती ठिकाणे. चार हजार वर्षांपूर्वी तिथले लोक टेकडीच्या माथ्यावर आणि उतारावरच्या सपाट केलेल्या टप्प्यांवर वस्ती करून होते. भरड तृणधान्ये, मूग आणि हुलगा पिकवत होते. हुलगा अजून आमच्या माळावर आहे. पिठले करतो, जनावराला भरडून घालतो. चार हजार वर्षांचे पीक आहे हे बाजार समितीत सांगून भाव वाढत नाही, ही गोष्ट वेगळी.

राजाशिवाय झालेले काम

उतारावर पायऱ्या करणे एकट्या घराचे काम नाही, हे ज्याने एकदा दगड उचलला त्याला ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी समाजात पडकई नावाची रीत आहे. घरटी माणसे एकत्र येतात, आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या. दगड काढतात, बांध घालतात आणि भाताचे खाचर तयार करतात. आपल्याकडची इर्जिक त्याच जातीची. आजच्या पडकईवरून हजारो वर्षांपूर्वी नेमके काय झाले ते सिद्ध होत नाही. पण वरून हुकूम आल्याशिवाय, तिजोरीतून पैसा आल्याशिवाय डोंगर बांधता येतो, एवढे तरी सिद्ध होते. शेतकऱ्याला अडाणी समजून त्याला मृद्‌संधारण शिकवायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि आता यंत्र

या उन्हाळ्यात बैठकीच्या निमित्ताने आम्ही पश्चिमेकडच्या एका गावात गेलो होतो. एका तरुणाने डोंगराकडचे वावर सपाट करून घेतले होते. चार ताली होत्या. एका दिवसात यंत्राने त्या मोडल्या आणि दगड ओढ्यात लोटले. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि नवी माती खाली उतरली. मुरूम उघडा पडला. पोरगा आमच्यापुढे मान खाली घालून उभा होता.

आम्ही त्याला दोष दिला नाही. भावांनो, तुम्हीही देऊ नका. पट्ट्या अरुंद, ट्रॅक्टर वळत नाही. बैलजोडी सांभाळणे परवडत नाही म्हणून ती विकली. दरवर्षी चैत्र-वैशाखात तालीचे ढासळलेले दगड परत बसवायचे, तर मजूर मिळत नाही आणि मिळाला तर नाचणीत त्याची मजुरी निघत नाही. मग त्याने काय करावे? वारसा म्हणून दगड छातीशी धरून बसावे?

कोणी म्हणेल, मग सरकारने अशा जागा संरक्षित कराव्यात. इथेच शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. केंद्राच्या २०१० च्या दुरुस्ती कायद्याने राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आहे, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ज्याचे वावर त्या पट्ट्यात आले त्याने घर, गोठा बांधायचा तर खेटे घालायचे. हे माहीत असलेला शेतकरी, नांगराला जुने खापर लागले तर काय करील? गुपचूप खाली दडपील. बांध जुना आहे असे कोणी बोलले तर रातोरात मोडून टाकील. कायदा असा असेल की खरे सांगणाऱ्याला शिक्षा, तर खरे कोणी सांगणार नाही. हा दोष शेतकऱ्याचा नाही.

आणि नुसती पाटी लावून बांध टिकतो असेही नाही. फिलिपीन्स देशातल्या इफुगाव डोंगरातल्या भाताच्या पायऱ्या १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. २००१ मध्ये त्यांचे नाव धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकावे लागले. कारण तरुण पोरे शहराकडे निघाली, बांध फुटू लागले. बरीच मेहनत करून २०१२ मध्ये ते नाव त्या यादीतून काढले. धडा साधा आहे. किल्ला रिकामा असला तरी उभा राहू शकतो. ताल शेतकऱ्याशिवाय चार पावसाळे काढत नाही.

आमचे म्हणणे

म्हणून आम्ही दोन गोष्टी मागतो आणि एक गोष्ट स्वतः करायची म्हणतो.

पहिली मागणी, नोंद आणि ताबा वेगळे ठेवा. डोंगरावरचा जुना बांध नोंदवला म्हणून शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर एका अक्षराचाही बोजा चढता कामा नये. शेती चालू राहू द्या. शेती चालू राहणे हेच त्या बांधाचे संरक्षण आहे.

दुसरी, बांध राखल्याचा फायदा खालच्या गावाला, धरणाला, शहराला होतो. वरची माती अडली तर धरणात गाळ कमी जातो. मग राखण्याचा खर्च एकट्या वरच्या शेतकऱ्याने का सोसायचा? रोजगार हमीतून नवे बांध घालायला पैसा मिळतो, तसा जुनी ताल दुरुस्त करायला मिळाला पाहिजे, आणि मजुरी त्या शेतकऱ्यालाही मिळाली पाहिजे.

तिसरी गोष्ट आपली. आपल्या शिवारातले जुने बांध आपणच आधी पाहू. त्याला पदवी लागत नाही. गटाचा नकाशा घ्या. सर्व्हे नंबर इंग्रजी अमलातल्या मोजणीत पडले, गट १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर. ताल या दोन्ही हद्दींना न जुमानता आरपार जात असेल, तर ती मोजणीच्या आधीची असण्याचा संभव आहे. नंतरच्या काळातले सरकारी समपातळी बांध ओळखू येतात. ते बहुधा मातीचे, ठरावीक अंतराने आखलेले, सांडवा ठेवलेले. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी त्यावर घमेली वाहिली ती माणसे अजून गावात आहेत, त्यांना विचारा. ताल आपणहून फुटली असेल तर फुटलेल्या कडेला मातीचे थर पाहा. राख, खापर, कोळसा दिसला तर उपटू नका, जागेवर ठेवून फोटो घ्या. सर्वांत खालच्या दगडाखालच्या कोळशावरून वय काढता येते. दगडाखाली दबलेल्या मातीच्या कणाला शेवटचे ऊन कधी लागले, हेही प्रयोगशाळेत मोजता येते. पण वस्तू जागची हलली की सारा पुरावा गेला. जवळपास पांढर आहे का पाहा. वावराला जुने नाव असेल तर ते लिहून ठेवा. ते नाव माहीत असलेली म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

कापूस-ज्वारीवाल्या भावांनी, हे डोंगरवाल्यांचे काम आहे असे समजू नये. शिरोळ-हातकणंगल्याच्या कोरड्या पट्ट्यात असो की आणखी कुठे, माळाच्या कडेला, ओढ्याच्या काठी जुना दगडी बांध प्रत्येक शिवारात असतो. कोल्हापूर म्हटले की लोकांना ऊस आणि गूळ आठवतो. पाटाच्या पाण्याआधी ही जमीन कशी धरली होती, हे कोरडवाहू बांधालाच माहीत आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. बांध कुठे आहे, किती पावले लांब, दगडी की मातीचा, वर काय पिकते, म्हातारी माणसे काय सांगतात, एवढे पुरे. गट नंबर लिहायची भीती वाटत असेल तर लिहू नका, गावाचे नाव बास. आणि ज्याला यंदा ताली मोडून वावर सपाट करायचे आहे, त्याने यंत्र बोलावण्याआधी एक दिवस आम्हाला कळवावे. आम्ही अडवायला येणार नाही. टेप घेऊन मोजायला येऊ, आणि चार गड्यांनी ती ताल दुरुस्त होण्यासारखी असेल तर चार गडी घेऊन येऊ.